साहेब, घडी कुठून घालू?

४ जानेवारी

प्रिय भाच्या,

आधी सगळ्यांची विचारपूस, मग तुझं कौतुक. तू कितीही मोठा साहेब झालास तरी हा क्रम बदलायचा नाही. ताईच्या गुडघ्याचं काय? ती ‘बरं आहे’ म्हणाली तर समज, बरं नाही. ‘काही विचारू नकोस’ म्हणाली तर समज, बरं आहे, नुसती सहानुभूती हवीय. तुझ्या बाबांना ऐकायचं नवं यंत्र आणलंत म्हणे. ते कानात असतं की खिशात? सूनबाईचा खोकला गेला का? तिला म्हणावं, औषध बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घे, शेजारणी सांगतात तसं नको. धाकटीचा पुढचा दात पडला, की अजून जिभेने हलवत बसलीय? आणि तुझी दाढ? ती तू गेल्या वर्षापासून पुढे ढकलतोयस. इकडे मी ठणठणीत. तुझे काकाही ठणठणीतच आहेत, पण तसं त्यांच्यासमोर म्हटलं की त्यांना वाईट वाटतं.

तू म्हणतोस फोन करत जा. बाळा, फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी पदरचं घालते, मग नात्यांत भांडणं लागतात. पत्रच बरं.

तर तू आपल्या धुलाई कारखान्याचा व्यवस्थापक झालास. ज्या हॉलात मी उमेदीची सगळी वर्षं चादरींच्या घड्या घातल्या, तो हॉल आता तुझ्या काचेच्या केबिनमधून दिसणार. माझी शाळा चौथीतच सुटली. पुढचं वाचन मी इस्पितळाच्या चादरींवरचे शिक्के वाचून शिकले. ‘बालरुग्ण विभाग’ यातलं जोडाक्षर पहिल्यांदा वाचता आलं त्या दिवशी मी रोलरपाशी उभी राहून तीनतीनदा मोठ्याने वाचलं होतं. त्यामुळे मला तुझा अभिमान आहे, आणि जरा धाकधूकही आहे. साहेबाची चूक साहेबाला दिसत नाही, कारण ती पाठीमागे असते आणि खुर्चीची पाठ उंच असते.

सुईकाकू अजून रफूच्या कोपऱ्यात बसते ना? तिला माझी आठवण सांग. तिचा खांदा जायच्या आधी घडीच्या टेबलावर तीच माझी जोडीदार होती. काही अडलं तर तिला विचार.

सविस्तर लिही. नुसतं ‘सर्व क्षेम’ लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

तुझी मावशी


१५ जानेवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. तुझ्याच क्रमाने उत्तरं देतो. आई म्हणते, “काही विचारू नकोस.” बाबांचं यंत्र खिशात असतं. खोकला गेला. दात पडला आणि हरवलाही, त्यामुळे घरात दोन दिवस झडती चालू होती. माझी दाढ आहे तिथेच आहे.

केबिन छान आहे. एका नजरेत सगळं दिसतं: धुण्याची यंत्रं, वाफेचे रोलर, घडीची टेबलं, आणि टोकाला सुईकाकूचा दिवा. लहानपणी डबा द्यायला यायचो तेव्हा हीच सुईकाकू “आधी नाक पूस” म्हणून ओरडायची. आता तीही उठून उभी राहते. पहिल्या दिवशी मलाच ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी नाही झालं.

एक गोष्ट मात्र मला चाळिशी उलटल्यावर कळली. मी विनोदी आहे. खरंच सांगतो. मी काही बोललो की हॉलभर हशा पिकतो. हिशेबनीस तर म्हणाले, “साहेब, तुम्ही या धंद्यात वाया गेलात.” परवा मी बॉयलरवाल्याला म्हटलं, “आज वाफ जरा तापलेली दिसते.” लोक हसून हसून वाकले. इतकी वर्षं हे घरात कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?

तुझा भाचा


२२ जानेवारी

प्रिय भाच्या,

घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण घरात तुझ्या हातात कुणाची पाळी नाही, रजा नाही की पगारवाढ नाही. लहानपणी तू विनोद सांगायला लागलास की मांजरसुद्धा खोलीतून उठून जायचं. ते गरीब मांजर खोटं बोलायला शिकलं नव्हतं.

पण माझ्या म्हणण्यावर जाऊ नकोस, स्वतः करून बघ. खाली एक विनोद देतेय. मी आत्ताच शेंगा सोलता सोलता जुळवला. त्याला डोकं नाही, शेपूट नाही.

एक माणूस बुटांच्या दुकानात गेला. म्हणाला, “मला उजव्या पायाचा बूट द्या.” दुकानदार म्हणाला, “आज मंगळवार.”

एवढंच. पुढे काही नाही. जेवणाच्या सुट्टीत सांग, शेवटी स्वतः जरासा हस आणि मग लोकांच्या तोंडांकडे बघ. तुझ्या काकांना सांगून पाहिला. ते म्हणाले, “तुझी तब्येत बरी आहे ना?” हे प्रामाणिक उत्तर.

काय होतं ते कळव. आणि दाढेचं बघ.

मावशी


६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तू जिंकलीस. सांगितला तुझा बूट.

बॉयलरवाला मांडीवर थाप मारून “मंगळवार, मंगळवार” करत बसला. हिशेबनिसांनी चष्मा काढून डोळे पुसले. गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, “हा मी घरी सांगणार.” घरी बिचाऱ्याचं काय झालं असेल कुणास ठाऊक.

फक्त एकच जण हसलं नाही. घडीच्या दुसऱ्या टेबलावर एक खूप उंच बाई आणि एक अगदी बुटकी बाई अशी जोडी आहे. सगळे त्यांना खांबताई आणि खारूताई म्हणतात. तुझ्या वेळीही होत्या बहुतेक. तर खांबताई हातात चादरीचं टोक धरून शांतपणे म्हणाल्या, “मग?”

मी म्हटलं, “मग काही नाही.”

“म्हणजे संपला?”

“संपला.”

“बरं,” म्हणाल्या आणि पुढची चादर उचलली. नळ बंद करावा तसं बाकीच्यांचं हसू थांबलं. खारूताई टेबलाखाली वाकून काहीतरी शोधायला लागल्या, खांदे हलत होते. मीही हसून सोडून दिलं. मला असल्या गोष्टींचं काही वाटत नाही.

बाकी कामात थोडेफार बदल केले. मळके कपडे निवडायच्या खोलीत माणूस कमी पडत होतं. तिथली वरची फळी उंच आहे, म्हणून खांबताईंना तिकडे दिलं. त्यांच्या उंचीचा उपयोग होईल. धाकटी तुला पापा सांगते.

तुझा भाचा


१२ फेब्रुवारी

भाच्या,

आज कुणाच्या तब्येतीची चौकशी नाही.

त्या खोलीत वरची फळी नाही. खालची पण नाही. मी तिथे एक अख्खा हिवाळा काढलाय. टोपल्या आहेत, मोरी आहे, आणि इस्पितळातून जे जे येतं ते आहे, नाक बांधून उपसावं असं. खिडकी नाही. असल्या ठिकाणी फळीचं निमित्त काढायचं तर निदान आधी ती बसवून तरी घ्यायचीस. तुला त्या बाईचं काही वाटलं नाही म्हणतोस, आणि त्याच आठवड्यात तिची उंची तुझ्या डोळ्यांवर येते. बळी तो कान पिळी, दुसरं काय.

आणि तू काय मोडलंस ते तुला ठाऊक नाही, कारण तू हिशेबाच्या दारातून आत आलास. ऐक. घडीच्या टेबलावरची जोडी साहेबाने लावायची नसते. नवी बाई आली की तिला सगळ्या टेबलांवरून फिरवतात. ओली, जड, दुहेरी चादर असते. एकीने जास्त ओढली तर दुसरीचं मनगट जातं. एकीने ढील दिली तर चादर जमिनीला लागून पुन्हा धुण्याला जाते. जिच्याबरोबर ती नुसती ताठ राहते, ती आपली जोडीदार. मग जन्मभर तीच. जोडीदार आजारी पडली तर दुसरी एकटी उशांच्या खोळींच्या घड्या करत बसते, पण दुसऱ्या कुणाबरोबर चादर धरत नाही. या दोघींना मीच फिरवलं होतं. एक ताडमाड, एक पायाशी घोटाळणारी. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. पण दोघींनी चादर धरली आणि ती नुसती ताठ राहिली.

तू म्हणशील, मी तिला काढून तर टाकलं नाही, नुसतं इकडचं तिकडे ठेवलं. बशी ठेवतात रे इकडची तिकडे.

माझंही चुकलं. विनोद पाठवला, पण पुढचं लिहिलं नाही. मला वाटलं तुला कळेल. जो हसणार नाही त्याला शोधायला तो विनोद होता. असं माणूस साहेबाला नशिबाने मिळतं. तिला तिच्या टेबलावर परत आण. उद्याच.

मला आज आणखी एक पोस्टकार्ड टाकायचंय, म्हणून आवरते.

मावशी


२५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तू रागावशील हे माहीत होतं. पण जरा माझ्या जागी येऊन बघ. व्यवस्थापकाने हुकूम काढायचा आणि मावशीचं पत्र आलं म्हणून मागे घ्यायचा? उद्या माझं कोण ऐकेल? कारखाना म्हणजे काही घर नाही. फळीचं म्हणशील तर ती बसवून घेतोय.

आणि तुला पटणार नाही, पण त्या एका हुकमाचा परिणाम फार चांगला झालाय. गेल्या काही दिवसांपासून हॉलात अशी शिस्त आहे की विचारू नकोस. कुणीही मला विचारल्याशिवाय काही करत नाही. बॉयलरवाला वर येऊन विचारतो, “साहेब, वाफ सोडू?” झाडणाऱ्या बाई विचारतात, “दारापासून झाडू की खिडकीपासून?” घडीच्या टेबलावरच्या बायका चादर घेऊन काचेपाशी येतात, “साहेब, घडी कुठून घालू?” मी सांगतो, “लांबीतून.” त्या म्हणतात, “जी साहेब.” किती आदर. काल हिशेबनीस विचारून गेले की बेरीज खालून वर करायची की वरून खाली.

जेवायला वेळ मिळत नाही एवढंच. आणि दाढ फार ठणकतेय. पण एकूण माझा जम बसला असं समज.

तुझा भाचा


४ मार्च

प्रिय भाच्या,

अगं बाई, किती आज्ञाधारक माणसं. ऐकून डोळे भरून आले. आमच्या वेळी असं नव्हतं, आम्ही आपल्या मनानेच झाडायचो.

तुझं भाग्य थोर. पूर्वी वाफ चुकली तर ती बॉयलरवाल्याची चूक असायची, आता तुझी. घडी वाकडी गेली तर तुझी. बेरीज चुकली तर तुझी. सगळे कसे हलके होऊन घरी जात असतील. तू मात्र जपून राहा, सगळ्यांच्या वाटचं ओझं एकट्याच्या मानेवर घेतलंयस. झोप येते का? सूनबाई म्हणाली की झोपेत “लांबीतून, लांबीतून” म्हणतोस.

ताईला सांग, तिने पाठवलेली लोकर पोचली. तुझ्या काकांना त्यातलं काही मिळणार नाही.

खांबताई अजून त्याच खोलीत आहे का? फळी झाली?

मावशी


१९ मार्च

मावशी,

आज सगळं लिहितो. मध्ये थांबवू नकोस.

सोमवारी दाढ काढायला गेलो. बराच वेळ तोंड उघडं टाकून खुर्चीत पडलो होतो. गाल सुजवून दुपारी कारखान्यात परत आलो, तर दारात आपली इस्पितळाला जायची गाडी उभी. भरलेली. बालरुग्ण विभागाच्या स्वच्छ चादरी, सकाळीच जायच्या असतात त्या. ड्रायव्हर आत बसल्या बसल्या घोरत होता. मी हलवून विचारलं, “गेला का नाहीस?” तो म्हणाला, “साहेबांनी ‘जा’ म्हटलं नव्हतं.” ऑफिसात गेलो. फोन सकाळपासून वाजत होता. कुणी उचलला नव्हता. “साहेबांनी ‘उचला’ म्हटलं नव्हतं.”

गाडीत बसून मीच गेलो. मावशी, त्या विभागात पोरं उघड्या गाद्यांवर पडली होती. एका पोरीचं आदल्या दिवशी ऑपरेशन झालेलं. तिच्याखाली नर्सबाईंनी स्वतःची शाल घातली होती. ती पोर माझा सुजलेला गाल बघून म्हणाली, “तुम्ही चादरवाले का? तुम्हाला कुणी मारलं?” मी म्हटलं, “नाही, अजून नाही.” नर्सबाईंनी माझ्या हातातला गठ्ठा घेतला. माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत येऊन मी हॉलात ओरडलो. माझ्या जन्मात एवढं ओरडलो नव्हतो. सगळे खाली बघत होते. मग कोपऱ्यातून सुईकाकू उठली, तोंड पांढरं पडलेलं. ‘साहेब’ म्हणाली नाही. म्हणाली, “बाळ, हे तुझ्या मावशीचं डोकं आणि आमची जीभ. प्रत्येक गोष्ट विचारून तुझा जीव खायचा होता, म्हणजे तू खांबताईला परत आणशील. पोरांच्या चादरी अडवायच्या नव्हत्या. ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.”

मी खांबताईंना त्या खोलीत टाकलं, माझा अपमान झाला म्हणून. फळीबिळी सगळं खोटं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. आणि दुसरी गोष्ट तुझ्यापासून लपवली होती: खारूताई गेल्या. खोळी करून करून कंटाळल्या आणि काम सोडून लेकीकडे राहायला गेल्या.

पण मावशी, मी निदान इथे होतो. सगळे माझं नाव घेऊन शिव्या देऊ शकत होते. तू इतक्या लांबून, शेंगा सोलत, अख्खा कारखाना बोटावर नाचवलास. तुला कुणी काय म्हणायचं?

तुझा भाचा


२६ मार्च

प्रिय बाळा,

तू म्हणायचं. म्हणालास, ते बरं केलंस.

पत्र वाचून झालं आणि मी शेंगांची परात बाजूला ठेवली. तुझे काका म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, “माझ्या डोळ्यातलं मुसळ सापडलं.” तुझ्याकडे खुर्ची होती. माझ्याकडे नुसतं सुईकाकूला टाकलेलं एक पोस्टकार्ड. मला वाटलं, पोस्टकार्डाला कसली जबाबदारी? गंमत करायची, टपालात टाकायची आणि मजा वाचायची. पण मी ‘विचारत जा’ म्हटलं आणि तिथे सगळ्यांनी विचारलं, म्हणजे माझंही चालतच होतं की. तुझ्याहून जास्त चालत होतं. तुला ‘जी साहेब’ म्हणून हसणारे माझं मनापासून ऐकत होते. म्हणून जास्त जपायला हवं होतं. त्या पोरीखालची शाल माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नर्सबाईंना मी वेगळं पत्र लिहिलंय. त्यात एकही गंमत नाही. लिहायला फार जड गेलं.

सुईकाकूवर राग धरू नकोस. धरायचा तर माझ्यावर धर, मी लांब आहे, मला लागत नाही. थोडं लागतं.

आता यापुढे मी सल्ला देणार नाही. तुझा कारखाना, तुझी माणसं. मात्र खांबताईकडे गेलास तर तिला वर केबिनमध्ये बोलावू नकोस, तू खाली त्या खोलीत जा. आणि नाक बांधू नकोस. हा सल्ला नाही. मी आपलं मोठ्याने विचार करतेय.

गाल उतरला का?

मावशी


८ एप्रिल

प्रिय मावशी,

गाल उतरला. आईचा गुडघा, बाबांचा कान, सगळं जिथल्या तिथे.

त्या खोलीत गेलो, नाक न बांधता. खांबताई टोपलीत वाकलेल्या होत्या. मी म्हटलं, “तुम्ही हसला नाहीत म्हणून मी तुम्हाला इथे पाठवलं. चूक झाली. टेबलावर परत चला.”

त्या सरळ उभ्या राहिल्या. छताला डोकं लागेल असं वाटलं. म्हणाल्या, “कुणाबरोबर?”

“तुम्ही म्हणाल तिच्याबरोबर.”

“मी म्हणते तिला तुम्ही घालवलंत.”

त्याच रविवारी मी खारूताईंच्या लेकीकडे गेलो. त्यांनी चहा दिला, नातवाला मांडीवर घेऊन नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “साहेब, तुम्ही आलात हे बरं वाटलं. पण इथे मला कुणी हलवत नाही.” मी पुन्हा विचारलं नाही.

हॉलात सगळ्यांसमोर मी माझा हुकूम मागे घेतला. माझं कोण ऐकेल याची भीती होती ना? ऐकतात. फक्त विनोदाला आता कुणी हसत नाही. ड्रायव्हर तर तोंडावर म्हणाला, “साहेब, हा नको.” गाडी मात्र वेळेवर सुटते, आणि ‘जा’ म्हणायला कुणी थांबत नाही.

खांबताई त्या खोलीतून बाहेर आल्या, पण भिंतीशी बसून खोळी करतात. तीन-चार नव्या बायका त्यांच्यासमोर उभ्या करून पाहिल्या. त्यांनी नाही म्हटलं नाही, पण चादर कुणाबरोबर ताठ राहिली नाही. काल काम फार होतं, माणूस नव्हतं, म्हणून बाह्या सारून मीच उभा राहिलो.

त्या म्हणाल्या, “साहेब, तुम्ही ओढता.”

मी हात सैल केला.

“आता तुम्ही सोडता.”

चादर जमिनीला लागली आणि पुन्हा धुण्याला गेली. अशा पाच-सहा गेल्या. मग त्यांनी माझ्या हातातलं टोक काढून घेतलं, रागाने नाही, लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसं. जाताना म्हणाल्या की महिनाअखेर त्या काम सोडणार. “उशांच्या खोळींची घडी घालायला इथवर कशाला यायचं, साहेब? उशा घरीही आहेत.”

मी अडवणार नाही, मला तोंड नाही. पण मावशी, त्या गेल्या तर ते माझ्यामुळेच. हुकूम मागे घेता येतो. मोडलेली जोडी परत आणता येत नाही. काय करू? आता सल्ला दे. यावेळी मी मागतोय.

तुझा भाचा


१५ एप्रिल

प्रिय बाळा,

खांबताईला ‘तुम्ही ओढता’ असं तोंडावर म्हणता आलं, आणि तू ते मला जसंच्या तसं लिहिलंस, यावर मी दोन दिवस खूश होते. तुझे काका म्हणाले, “कशाबद्दल हसतेस?” मी सांगितलं नाही. त्यांना चादरीतलं काय कळतंय.

सल्ला नाही. एक विचारणं आहे.

मी येऊ का? तिची जोडीदार म्हणून नाही. ती जागा खारूची, तिथे कुणी बसायचं नाही. नुसतं चादरीचं दुसरं टोक धरायला एक माणूस म्हणून, नवी कुणी पोर तिच्या हाताला लागेपर्यंत. हात अजून बरे आहेत. काल घरातल्या सगळ्या चादरी काढून तुझ्या काकांबरोबर घड्या घालून पाहिल्या. ते ओढतात. पण माझं टोक हललं नाही. एकच अडचण आहे. मी जन्मभर डावीकडे उभी राहिले, आणि मला आठवतं तशी तीही डावीकडचीच. उजवीकडे मला उभं राहता येत नाही. शिकेन. या वयात आणखी एक बाजू शिकले तर काही बिघडत नाही.

पगारबिगार काही ठेवू नकोस. जे मोडलं त्यात माझ्या पोस्टकार्डाचाही हात आहे. राहायला ताईकडे राहीन, तिच्या गुडघ्याची चौकशी समोरासमोर होईल.

पण हे तू ठरवायचं नाहीस, आणि मी तर नाहीच. दोघांचं ठरवून झालंय, त्याचं काय झालं ते बघितलंस. तिला विचार. हॉलात विचारू नकोस, चारचौघांत माणूस भिडेने हो म्हणतं. केबिनमध्ये तर मुळीच नको. ती घरी जायला निघाली की दारापर्यंत तिच्याबरोबर चाल आणि विचार. तिला हेही सांग की गाडी थांबली त्यामागे मी होते. ते लपवून मिळालेला होकार मला नको. विचारून झालं की गप्प राहा. तुझ्या हातात काय काय आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे, ते तू तोंडावर दाखवू नकोस. ‘मावशी म्हातारी आहे, तिचं मन मोडेल’ असलंही काही बोलू नकोस, तेही ओढणंच.

ती नाही म्हणाली तर ते ‘नाही’ जसंच्या तसं लिहून पाठव, साखर लावून नको. मी इथेच शेंगा सोलत बसेन आणि कुणालाही पोस्टकार्ड टाकणार नाही. महिनाअखेर ती गेली तर दारापर्यंत तू जा, आणि ती गेली ती कुणामुळे गेली हे आपण दोघं लक्षात ठेवू.

हो म्हणाली तर मी त्याच दिवशी निघते. पिशवी भरून दाराशी ठेवलीय. तुझे काका तिला दोनदा अडखळले आणि विचारतात, ही इथे कशाला. त्यांना म्हटलं, “आत नेऊ की बाहेर, ते एका बाईला विचारलंय, ती सांगेपर्यंत हलवायची नाही.” त्यांचा पाय मोडायच्या आत उत्तर लिही.

तुझी मावशी